मोठेपणी शिकलेला विश्वास : पंडिता रमाबाईंची गोष्ट



आज आपण पंडिता रमाबाईंबद्दल बोलणार आहोत. त्यांचं नाव आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेलं आहे. संस्कृतच्या मोठ्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या, केडगावचं मुक्ती मिशन उभं करणाऱ्या. शाळेच्या पुस्तकात एवढं असतं. मला मात्र त्यांच्या आयुष्यातला वेगळाच प्रश्न सतावतो. देवावर सगळा भार टाकलेले आईवडील ज्या मुलीनं उपासमारीत गेलेले पाहिले, तिला पुढं मोठेपणी देवावर लेकरासारखा विश्वास ठेवता आला, तो कसा?

रमाबाई ख्रिस्ती झाल्या हे आपल्याला माहीत आहे. ख्रिस्ती लोकांमध्ये ‘लेकरासारखा विश्वास’ हा शब्द फार ऐकू येतो. त्याच्या मागं बायबलातली एक गोष्ट आहे. येशूचे शिष्य त्याला विचारतात, स्वर्गाच्या राज्यात सगळ्यात मोठा कोण? येशू एका लहान मुलाला जवळ बोलावतो, सगळ्यांच्या मध्ये उभं करतो आणि सांगतो की तुम्ही बदलून या लेकरासारखे झाला नाहीत, तर तुम्हाला आत जाता येणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात ही गोष्ट आहे.

आपण लहान मुलाला ‘देवाघरचं फूल’ म्हणतो. त्या काळात त्या देशात मात्र मुलाला काही मान नव्हता. त्याच्या हाती पैसा नाही, पंचायतीत त्याला जागा नाही, कोणी दिलं तर खायचं. आपल्यापैकी मोठा कोण म्हणून भांडणाऱ्या पुरुषांपुढं येशूनं असं मूल उभं केलं. मोठेपणा सोडा आणि रिकाम्या हातानं या, असा त्याचा अर्थ. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या बाईनं आयुष्याचे फटके खाल्लेत, तिनं रिकामे हात पुढं करायचे कोणत्या भरवशावर? रमाबाईंच्या आयुष्यात हाच प्रश्न होता.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. सह्याद्रीच्या घाटात, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे पंडित. बाईनं संस्कृत शिकणं म्हणजे पाप, असं मानणाऱ्या काळात त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लोकांचा विरोध झाला, तेव्हा त्यांनी जंगलात आश्रम थाटला. पुढं पाहुण्यारावळ्यांच्या सरबराईत पैसा संपला, कर्ज झालं आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. रमा तेव्हा काही महिन्यांची होती. वेताच्या पेटीत ठेवून एका माणसानं तिला डोक्यावरून डोंगराखाली आणलं. तिथून पुढं या कुटुंबाला कायमचं घर असं मिळालंच नाही. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला जायचं, देवळाच्या ओवरीत उतरायचं, पुराण सांगायचं आणि मिळालेल्या दक्षिणेवर जगायचं. पहाटेच्या अंधारात आई रमाला संस्कृत शिकवी. हजारो श्लोक तिला असे तोंडपाठ झाले.

१८७४ च्या सुमाराला दक्षिणेत दुष्काळ पडला. अनंतशास्त्री म्हातारे झाले होते, नजर गेली होती. मुलांना शास्त्रं येत होती, पण पोटापाण्याचा दुसरा धंदा कोणालाच शिकवलेला नव्हता. देव आपल्याला उपाशी ठेवणार नाही, अशी वडिलांची पक्की श्रद्धा. त्यांनी व्रतं केली, अनुष्ठानं केली, दानधर्म केला. त्यातच उरलासुरला पैसा गेला. मग भांडी गेली, दागिने गेले. शेवटी हे कुटुंब जंगलात अकरा दिवस झाडाच्या पाल्यावर राहिलं. पवित्र तळ्यात उतरून देह सोडायचाही वडिलांनी विचार केला होता. जाण्याआधी त्यांनी रमाला जवळ घेतलं. ती सगळ्यात धाकटी. मी तुझ्यावर किती माया केली ते विसरू नकोस आणि जन्मभर देवाची सेवा कर, असं त्यांनी तिला सांगितलं.

त्यांच्या पाठोपाठ काही आठवड्यांत आई गेली. तिला स्मशानात न्यायला माणसं मिळेनात. शेवटी दोघा ब्राह्मणांना दया आली. चौथा खांदा मुलीचा. रमाची उंची कमी होती, म्हणून तिनं तिरडीचा तो कोपरा डोक्यावर घेतला. स्मशान कोसावर लांब होतं. त्यानंतर थोरली बहीणही गेली. राहिले भाऊ श्रीनिवास आणि रमा.

मैत्रिणींनो, वडिलांच्या श्रद्धेला नावं ठेवायला मी हे सांगत नाही. त्या म्हाताऱ्या माणसाचा विश्वास खरा होता. मुलीला शिकवायचं धाडसही त्याच माणसानं केलं. पण सोळा वर्षांच्या मुलीच्या मनावर काय कोरलं गेलं असेल, त्याचा विचार करा. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, तरी कोणी धावून आलं नाही, हेच ना?

पुढं ही दोन भावंडं पायी हजारो मैल चालली. उत्तरेत पंजाब-काश्मीरपर्यंत गेली. अंगावर पुरेसं पांघरूण नाही. झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री त्यांनी वाळूत खड्डे केले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यात रात्र काढली. चालता चालता जुनी श्रद्धा मागं पडत गेली, असं रमाबाईंनीच पुढं लिहून ठेवलं आहे.

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली, तिचं पाठांतर आणि वाद करण्याची शक्ती पाहून ते थक्क झाले आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच शहरात रमाबाईंनी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पहिल्यांदा पाहिली. त्याची गंमत त्यांनी नंतर सांगितली आहे. सगळे लोक वळून खुर्च्यांपुढं गुडघे टेकून बसले. भावाबहिणीला वाटलं, हे लोक खुर्च्यांनाच नमस्कार करतात! तिथं त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालं. ते काही त्यांना रुचलं नाही, समजलंही नाही.

मग परत दुःखांची रांग. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. दोघांची जात वेगळी, भाषा वेगळी. आसामात सिलचरला संसार मांडला. मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. तेव्हा रमाबाई २३ वर्षांच्या होत्या आणि मनोरमा जेमतेम दहा महिन्यांची.

सिलचरच्या घरात पुस्तकांमध्ये रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची एक छोटी बंगाली प्रत सापडली होती. ते वाचून त्यांच्या मनात काहीतरी सुरू झालं. तिथं येणाऱ्या एका मिशनऱ्याला त्या प्रश्न विचारत. तरी विश्वास म्हणावा असं अजून काही नव्हतं. नवरा गेल्यावर त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, बायकांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं, सरकारच्या हंटर आयोगापुढं साक्ष देऊन बायकांसाठी बाई शिक्षक आणि बाई डॉक्टर हवेत अशी मागणी केली. १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन शिकायला इंग्लंडला गेल्या.

इंग्लंडमध्ये वाँटेज गावी ख्रिस्ती जोगिणींचा एक मठ होता. त्यांना तिथं सिस्टर म्हणतात. रमाबाई त्यांच्याकडे उतरल्या. या सिस्टर लंडनजवळ फुलहॅमला एक घर चालवत. समाजानं ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांना त्या घरात जवळ घेत आणि पुन्हा उभं करत. रमाबाईंनी हे पाहिलं आणि त्या हलून गेल्या. असं का करता, म्हणून विचारलं, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. त्या बाईला गावात तोंड दाखवायची सोय नव्हती, आणि येशू तिच्याशी बोलत बसला. आपल्या देशातल्या टाकलेल्या बायकांना उभं करील तर हाच, असं रमाबाईंना वाटलं. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इकडं महाराष्ट्रात खूप गदारोळ झाला. पुष्कळांनी टीका केली. जोतीराव फुल्यांनी मात्र ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली.

आता कोणाला वाटेल की बाप्तिस्मा झाला म्हणजे विश्वास झाला, गोष्ट संपली. तसं झालं नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. चर्च सांगेल ते या नव्या लेकरानं मुकाट्यानं मानावं, अशी त्यांची अपेक्षा. रमाबाईंनी मानलं नाही. त्रैक्य म्हणजे काय, चमत्कारांचं काय, हे त्या पत्रांतून विचारत राहिल्या. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नकोत, असंही त्यांनी विचारलं. मांसाहार त्यांनी तिथंही केला नाही. धर्मगुरूंनी सांगितलं म्हणून माझी सदसद्विवेकबुद्धी गहाण ठेवणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ही पत्रं आज छापलेली आहेत.

मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. देवापुढं लेकरू होणं वेगळं आणि माणसांनी आपल्याला लेकरू समजून गप्प बसवणं वेगळं. बायकांच्या बाबतीत हे दोन्ही नेहमी एकत्र केलं जातं. ‘श्रद्धा ठेव’ म्हणताना ‘प्रश्न विचारू नकोस’ असंही हळूच सांगितलं जातं. आपल्या घरातलं चार वर्षांचं पोर आठवा. त्याचा आईवर पूर्ण विश्वास असतो आणि दिवसभर ते तिला ‘का? का?’ म्हणून भंडावून सोडतं. ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच मूल प्रश्न विचारतं.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या. आपल्या आनंदीबाई जोशी तिथं डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी. तिथं त्यांनी हिंदू उच्चवर्णीय बाईच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसे पुरवायचं ठरलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. धोंडो केशव कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे माहेरच्या गोदूबाई, याच सदनात शिकल्या.

काम जोरात होतं, नाव होतं. आणि याच काळात, बाप्तिस्म्याला आठ वर्षं होत आल्यावर, १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली, तिच्यात हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. झालं होतं असं की त्यांनी धर्म बुद्धीनं पारखून घेतला होता. तत्त्वं पटली, मतं पटली, म्हणून स्वीकारली. पंडिताच्या मुलीला ते जमणारच होतं. पण अंगावरचं ओझं काही उतरलं नव्हतं. आपण पुरेसं केलं का, आपण पुरेशा चांगल्या आहोत का, ही धाकधूक तशीच होती.

त्या सुमाराला त्यांनी हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र वाचलं. हा माणूस वर्षानुवर्षं चर्चमध्ये उपदेश करत होता आणि मग त्याला कळलं की आपण जे सांगतो ते आपल्यालाच मिळालेलं नाही. रमाबाईंना त्यात स्वतःचं तोंड दिसलं. मग त्यांनी बायबल पुन्हा वाचलं, या वेळी वाद करायला नव्हे. त्यांना समजलं ते एवढंच : देवाची माया विकत घ्यावी लागत नाही, ती फुकट आहे आणि आत्ता आहे. आधी प्रायश्चित्त, आधी लायकी, आधी विद्वत्ता, असं काही नाही. लहानपणापासून त्यांनी पाहिलं होतं की देवाला प्रसन्न करायला माणसं घरदार रिकामं करतात. इथं देणारा देव होता आणि घेणारी त्या होत्या. मूल आईकडून दूध घेतं, त्याची किंमत विचारत नाही, तसं घ्यायला त्या शिकल्या. तेव्हा त्यांचं वय तेहेतीसच्या आसपास होतं.

त्यानंतर या विश्वासाची परीक्षा सुरू झाली. पहिली परीक्षा घरच्याच माणसांकडून. शारदा सदनात कोणत्याही धर्माची सक्ती नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात मोठा वाद पेटला. ‘केसरी’नं कडाडून टीका केली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुष्कळ पालकांनी मुलींना काढून नेलं. इथं दोन्ही बाजू ऐकायला हव्यात. माझी प्रार्थना मी लपवणार नाही, असं रमाबाईंचं म्हणणं. आणि आम्ही मुलगी दिली ती शिकायला, तिचा धर्म बदलायला नव्हे, असं पालकांचं म्हणणं. त्यांनाही आपला विश्वास मोडला असं वाटलं, आणि ते दुःख खोटं नव्हतं.

दुसरी परीक्षा पैशाची. बॉस्टनच्या दहा वर्षांची मुदत १८९८ ला संपणार होती. रमाबाईंनी पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगावला जमीन घेतली. फळझाडं लावायची, उत्पन्न सुरू करायचं, म्हणजे संस्था स्वतःच्या पायावर उभी राहील, असा विचार. याच दिवसांत त्यांच्या वाचनात जॉर्ज म्यूलरचं चरित्र आलं. हा माणूस इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलला अनाथाश्रम चालवत होता. आयुष्यात त्यानं दहा हजारांहून जास्त मुलं सांभाळली आणि कोणाकडे हात पसरला नाही, गरज फक्त प्रार्थनेत सांगितली. रमाबाईंच्या मनात आलं, देवावर असा भार टाकणं इंग्लंडात जमतं, पण आपल्या हिंदुस्थानात, एका विधवेला, जमेल का?

या प्रश्नाचं उत्तर दुष्काळाच्या रूपानं आलं. १८९६ च्या अखेरीला मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंना स्वतःचा दुष्काळ आठवला. पालाखाऊ दिवस आठवले, आईची तिरडी आठवली. उपाशी मुलींना दलाल उचलून नेतात हेही त्यांना माहीत होतं. पैसा हातात नव्हता. आधी पैसा येऊ दे, मग मुली आणू, असा हिशोब त्यांनी केला नाही. त्या तिकडं गेल्या आणि मुली आणत राहिल्या. आकडा तीनशेच्या आसपास गेला. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. आता आलेल्या मुली सगळ्या जातींच्या होत्या.

तेवढ्यात पुण्यात प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली. तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावच्या माळावर नेलं. राहुट्या, छप्परं, जे मिळेल त्यात राहिल्या. मुक्ती सदन उभं राहिलं ते असं. प्लेगच्या छावणीत सदनातल्या एका मुलीचे हाल झाले, तेव्हा सरकारविरुद्ध वर्तमानपत्रात उघड पत्र लिहायला त्या डगमगल्या नाहीत. राज्यपालांनी ते नाकारलं, तरी त्या बोलल्या ते बोलल्याच. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तिथून आणखी शेकडो मुली आणि बायका आल्या. मुक्तीत सुमारे दोन हजार माणसं राहू लागली.

बायांनो, आपण चूल सांभाळणाऱ्या. दोन हजार ताटं म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. रोज पहाटे ज्वारी लागणार, डाळ लागणार, सरपण लागणार, आणि सगळ्यात आधी पाणी. तो भाग कोरडाच. रमाबाईंनी विहिरी खणायला लावल्या. शेती केली, गाईगुरं पाळली. हातमाग लावले, तेलाचा घाणा लावला, शिवणकाम, धुलाई, छापखाना सुरू केला. छापखान्यात मुली खिळे जुळवत. अंध मुलींसाठी वर्ग होता. मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली होती, तिनं तो सांभाळला. फसवलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. जमाखर्च लिहिला जाई, अहवाल छापले जात.

म्हणजे या बाईचा देवावरचा भरवसा हात जोडून बसण्याचा नव्हता. वडिलांकडून तिनं एक गोष्ट घेतली आणि एक सोडली. देवाला सोडायचं नाही, हे घेतलं. हातांनी काम न करता वाट पाहायची, हे सोडलं. आणि हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की पैसा आकाशातून पडला नाही. अमेरिकेतली असोसिएशन नव्यानं उभी राहिली, इतर देशांतल्या लोकांनी मदत केली, आणि रमाबाईंची पत्रं आणि अहवाल वाचूनच ती माणसं मदत करत होती. पण उद्याची हमी कोणाकडूनही नव्हती. उद्या येईल का, ही काळजी त्यांनी रात्री देवाच्या पायाशी ठेवली आणि सकाळी कामाला लागल्या.

१९०५ च्या जून महिन्यात मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली रडत, मोठ्यानं प्रार्थना करत, आपली पापं बोलून दाखवत. काही गोऱ्या मिशनऱ्यांना हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी मुलींना गप्प केलं नाही. आमच्या मुली आमच्या पद्धतीनं रडतील आणि प्रार्थना करतील, अशी त्यांची भूमिका होती. ज्या मुलींना कोणीच नव्हतं, त्या पहिल्यांदा कोणालातरी हक्कानं ‘बापा’ म्हणून हाक मारत होत्या.

एक प्रश्न इतिहासात राहतोच. उपाशी मुलीला भाकरी देणाऱ्याचा धर्म ती घेते, तेव्हा तो तिनं मनानं घेतला असं म्हणायचं का? तेव्हाही लोकांनी हे विचारलं, आजही अभ्यासक विचारतात. हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्या मुली उचलायला त्या दिवशी कोण गेलं होतं, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

शेवटची पंधरा-सोळा वर्षं रमाबाईंनी बायबलाचं मराठी भाषांतर केलं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. तेव्हाच्या मराठी बायबलाची भाषा संस्कृत शब्दांनी जड झाली होती, खेड्यातल्या बाईला ती कळत नसे. अठरा हजार श्लोकांचं भागवत ज्यांच्या जिभेवर, त्या सरस्वतीनं जाणूनबुजून साधी भाषा निवडली. केडगावच्या छापखान्यात मुलींच्याच हातांनी ते छापलं गेलं. मला विचाराल तर लेकरासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांनी इथं दाखवलं. आपली विद्वत्ता खाली ठेवायची, समोरच्या अडाणी मुलीच्या उंचीला बसायचं आणि तिला कळेल असं बोलायचं.

शेवटचा घाव उरला होता. मनोरमा त्यांच्यानंतर सगळं सांभाळणार होती. आईच्या आधी, १९२१ साली, ती गेली. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता एकुलती एक मुलगी. रमाबाईंनी तेव्हाही काम थांबवलं नाही. भाषांतराची शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत त्या कामाला बसल्या, आणि ५ एप्रिल १९२२ ला झोपेतच गेल्या. मुक्ती मिशन आजही दौंड तालुक्यात केडगावला सुरू आहे.

रमाबाईंच्या बाबतीत विश्वास म्हणजे ‘देव माझं काही वाईट होऊ देणार नाही’ अशी खात्री नव्हती. त्यांचं वाईट खूप झालं, ख्रिस्ती होण्याआधी आणि झाल्यावरही. मूल आईच्या कडेवर असतं तेव्हाही त्याला ताप येतो, ठेच लागते. पण दुखलं की ते आईकडेच वळतं. रमाबाई मोठेपणी हे वळणं शिकल्या. आणि ज्या दिवशी आपल्याला कोणीतरी उचलून घेतलंय असं त्यांना वाटलं, त्या दिवसापासून त्यांनी दुसऱ्यांच्या लेकी उचलायला सुरुवात केली. त्यांचा विश्वास खरा होता की नाही, याची खूण मी तिथं शोधते.

आपल्या बचत गटात ख्रिस्ती बहिणी आहेत, वारी करणाऱ्या आहेत, बुद्धवंदना म्हणणाऱ्या आहेत, नमाज पढणाऱ्या आहेत, आणि देवाधर्माचं सगळं सोडून दिलेल्याही आहेत. प्रत्येकीनं रमाबाईंसारखंच मानावं असं मी म्हणणार नाही. पण एक अनुभव आपला सगळ्यांचा सारखा आहे. ज्यांच्यावर भार टाकला त्यांनी हात सोडल्याचा. नवऱ्यानं, भावांनी, सावकारानं, कधी पावसानं. त्यानंतर पुन्हा कोणावर भरवसा ठेवायचा म्हणजे अंगावर काटा येतो. गटात पहिल्यांदा पन्नास रुपये टाकताना कितीजणींचा हात थरथरला होता, ते आठवा.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीत वसुली आणि पासबुकं झाली की दहा मिनिटं काढा. हे वाचून दाखवा, आणि एकमेकींना दोन गोष्टी विचारा. आपला मोडलेला भरवसा पुन्हा कसा जुळला? आणि तो जुळल्यावर आपण कोणाला उचलून घेतलं? बोलायला कोणावर जबरदस्ती करू नका. जिला वाटेल ती बोलेल.